पुढचं इंजेक्शन

माझी सगळी नोकरी सातारा जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांत आणि उपकेंद्रांत गेली. बाळंतपणं केली, लसीकरणाची सत्रं घेतली, कुटुंबनियोजनाच्या केसेससाठी वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. पण जीभ सगळ्यात जास्त झिजली ती टीबीच्या पेशंटांपुढे. महिना-दीड महिना गोळ्या पोटात गेल्या की खोकला थांबतो, जेवण जायला लागतं, अंगावर मांस येतं. मग माणूस म्हणतो, "बाई, आता मला काय बी झालेलं न्हाई, उगं कशाला गोळ्या?" आणि मुंबईची एसटी धरून माथाडीच्या कामावर निघून जातो. अशांच्या आयांशी भांडून मी मुंबईचे पत्ते मिळवले आहेत. अर्धवट सोडलेला टीबी उलटतो, औषधाला दाद देईनासा होतो, घरातल्या लेकराबाळांनाही लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे कोर्स पुरा करायचा म्हणजे करायचाच, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं.

म्हणून, यांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी चालू असलेलं हार्मोनचं इंजेक्शन ठरल्या मुदतीआधी थांबवायचं का, हा विषय घरात निघाला तेव्हा माझं उत्तर तयार होतं. नाही थांबवायचं. ते उत्तर कसं बदललं ते लिहून ठेवावंसं वाटतं. किती तरी घरं या प्रश्नापाशी येऊन उभी असतील. बायकांच्या आजारांवर आता चार माणसांत बोललं जातं, हळदीकुंकवाला गर्भाशयाच्या कॅन्सरवर भाषण ठेवतात. पुरुषांच्या या आजारावर मात्र घरातल्या घरातसुद्धा आवाज खाली येतो.

हे साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. चिटबॉय म्हणून लागले आणि ॲग्री ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर उसाच्या सरीतून चाललेला माणूस. निवृत्तीनंतरही पहाटे कराडच्या प्रीतिसंगमापर्यंत जाऊन यायचे, श्रावणात सदाशिवगड चढायचे. रात्री लघवीला उठणं वाढलं, तेव्हा आम्ही वयावर ढकललं असतं, पण मुलाने आग्रह करून रक्तातला पीएसए तपासायला लावला. तो २८ आला. २० च्या वर गेला की आजार मोठ्या जोखमीचा धरतात. बायॉप्सीत ग्लीसन ४ अधिक ४, म्हणजे ८. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीची ठेवण किती बिघडली आहे त्याचे हे गुण. डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने साठच्या दशकात ही पद्धत काढली आणि अजून जगभर तीच चालते. ८ म्हणजे गाठ आक्रमक. स्कॅनमध्ये मात्र हाडांत, लसिका ग्रंथींत कुठेही काही नव्हतं. आजार जोखमीचा, पण अजून जागेवर, असा निकाल निघाला. उपचार ठरले ते रेडिएशन आणि त्याच्या जोडीला हार्मोन थेरपी, "दोन वर्षं, जमलं तर तीन."

ही गाठ टेस्टोस्टेरॉनवर पोसते. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी हे १९४१ मध्ये दाखवून दिलं. अंडकोष काढले किंवा इस्ट्रोजेन दिलं, की पसरलेला आजारसुद्धा ओसरतो, दुखण्याने अंथरूण धरलेली माणसं उठून बसतात. हगिन्सना या कामासाठी १९६६ चं नोबेल मिळालं. पुढे अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमाँ यांनी डुकरांच्या आणि मेंढ्यांच्या मेंदूंतून पिट्युटरीला कामाला लावणारं रसायन वेगळं काढलं, आणि त्याच रसायनाच्या नकलेतून आजची इंजेक्शनं निघाली. मूळ रसायन मेंदूतून थांबून थांबून येतं. नक्कल अखंड येत राहते, तेव्हा पिट्युटरी सुरुवातीला जोर करते आणि मग गप्प होते. अंडकोषांना हुकूम जात नाही, टेस्टोस्टेरॉन तळाला जातं. पहिल्या उसळीत आजार चेकाळू नये म्हणून सुरुवातीला बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या देतात. हगिन्सना जे सुरीने करावं लागायचं ते आता सुईने होतं.

ती सुईही साधी नाही. यांना तीन महिन्यांनी घ्यायचं गोसेरेलिन होतं. त्याची सुई १४ गेजची. रक्तदानाला १६ गेजची वापरतात, म्हणजे ही तिच्याहूनही जाड. बेंबीच्या खाली बाजूला पोटाची चिमूट धरायची, सुई तिरकी आत घालायची आणि दट्ट्या दाबायचा. कातडीखाली दीड मिलिमीटर जाडीची एक पांढरी कांडी जाऊन बसते आणि पुढचे तीन महिने विरघळत राहते. इंजेक्शन देणारी सिस्टर हाताने हलकी होती, ते मला लगेच कळलं. हे छताकडे बघत राहायचे. नंतर त्या जागेवर आठवडाभर काळंनिळं राहायचं आणि अंघोळीच्या वेळी हे ते टॉवेलने झाकायचे. माझ्यापासूनसुद्धा.

घाम सुरू झाला तो दुसऱ्या इंजेक्शनच्या आधीच. रात्री दोन-अडीचला उठून बसायचे, बनियन पिळण्याइतकं ओलं. मार्गशीर्षातल्या थंडीत पंखा पाचवर. हे म्हणायचे, ताप येतोय का बघ. ताप नव्हता. मला ते काय आहे ते बघताक्षणी कळलं, कारण पाळी गेली तेव्हा माझीही तीच गत होती. छातीपासून निघून कानशिलांपर्यंत चढणारी आग, मग घाम, मग हुडहुडी. तेव्हा मी खिडकी उघडली की हे चादर ओढून घ्यायचे. बायकांना हे बदल दोन-चार वर्षांत सावकाश येतात, आणि आई, मावशी, जाऊ, कोणाकडून तरी कानावर पडलेलं असतं. पुरुषाला हे एका सुईबरोबर येतं, आणि त्याला सांगायला कोणी वडीलधारा नसतो. मी यांना माझ्या त्या वर्षांबद्दल पहिल्यांदा सांगितलं ते या रात्रींमध्ये. तेव्हा विचारलं असतंत तर सांगितलं असतं, असंही मी म्हणाले. ते ऐकून हे बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "तू तर तेव्हा ड्युटीवर पण जायचीस."

एका गोष्टीबद्दल लिहावं की नाही याचा मी विचार केला. लिहिते, कारण नर्स म्हणून दुसऱ्यांच्या घरातल्या असल्या गोष्टी मी न लाजता विचारत आले. इच्छा जाते. सत्तरीतल्या माणसाला त्याचं काय, असं लोकांना वाटतं. पण नवराबायकोतली जवळीक एवढ्या एका गोष्टीवर नसते, तशी ती तिच्याशिवायही नसते. खांद्यावर हात ठेवणं, जाताजाता पदर ओढणं, हेही कमी झालं. ते माझ्यावर रागावले आहेत असं मला काही दिवस वाटत होतं. राग नव्हता. तिकडे ओढणारं जे असतं ते औषधाने बंद केलं होतं. हे मला पुस्तकी माहीत होतं, तरी घरात सोसायला वेगळं गेलं.

बाकीचं कागदावर मांडता येतं. हिमोग्लोबिन साडेतेराच्या पुढे होतं ते अकरावर आलं. साखर कधी नव्हती, ती निघाली. एचबीए१सी ७ च्या वर. वजन वाढलं, पण मांड्या आणि दंड उतरले, सगळं पोटावर. डेक्सा स्कॅनमध्ये कमरेच्या हाडाचा टी-स्कोअर उणे २.३, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच्या उंबऱ्याशी. कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, वर्षाने झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाइन, हे चालू झालं. चालायला जायचे, पण घाटाच्या पायऱ्यांपाशी बसून परत यायचे. कीर्तन ऐकताना रडायचे. आणि एका गोष्टीने मी खरी हादरले. पुतण्याच्या रानात उभं राहून, "हा ८६०३२ का २६५?" असं त्यांनी मला विचारलं. पाचट बघून उसाची जात सांगणारा माणूस. कारखान्यात दोन शेतकऱ्यांची जातीवरून जुंपली तर यांना बोलवायचे. मी कोण सांगणार? मी पुतण्याकडे बघितलं, त्याने खाली बघितलं.

अठरा महिने होत आले होते. पीएसए केव्हाच मोजता न येण्याइतका खाली गेला होता. पुढचं इंजेक्शन जवळ आलं आणि यांनी एका रात्री, दिवा बंद केल्यावर, विचारलं, "आता पुरे केलं तर?"

मी काही बोलले नाही. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, तूच आयुष्यभर लोकांना सांगत आलीस ना, कोर्स अर्धवट सोडायचा नाही? सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे." तो घाबरला होता. बापाला धरून ठेवायला त्याच्या हातात तेवढंच इंजेक्शन होतं. त्याला दुखवून चाललं नसतं आणि यांना तर अजिबातच नाही. मग मी ठरवलं, हा दोन वर्षांचा आणि तीन वर्षांचा आकडा आला कुठून ते आधी बघायचं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना नीट विचारलं. बाई तरुण आहेत, पण शांतपणे बसून सांगणाऱ्या. त्यांनी कागदावर लिहून दिलं, मुलाने मूळ लेख काढून दिले, आणि मी ते माझ्या जुन्या रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानांवर उतरवून घेतले.

तीन वर्षांचा आकडा मुख्यतः फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या मिशेल बोला यांच्या अभ्यासातून आला. तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या पुरुषांना नुसतं रेडिएशन, निम्म्यांना रेडिएशन आणि तीन वर्षं गोसेरेलिन. पाच वर्षांनी पहिल्या गटातले १०० पैकी ६२ जिवंत होते, दुसऱ्या गटातले ७९. एवढा मोठा फरक कॅन्सरच्या उपचारात क्वचित दिसतो. हार्मोनशिवाय नुसतं रेडिएशन द्यायचं नाही, हे त्यामुळे ठरलं आणि ते योग्यच ठरलं. पण त्या अभ्यासात तुलना होती तीन वर्षांची आणि शून्याची. दोन वर्षं पुरतील का, दीड पुरेल का, हे त्यात कोणी विचारलेलंच नव्हतं. तीन वर्षं हा शरीराने सांगितलेला आकडा नव्हता, अभ्यास आखणाऱ्यांनी धरलेला होता. हे समजलं आणि माझ्या मनातली पहिली गाठ सैल झाली.

मग बोला यांनीच सहा महिने आणि तीन वर्षं यांची तुलना केली. ती २००९ ची, ९७० पुरुषांची. पाच वर्षांत कुठल्याही कारणाने दगावलेले, सहा महिनेवाल्यांत १०० मागे १९, तीन वर्षंवाल्यांत १५ च्या थोडे वर. म्हणजे सहा महिने अपुरे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या अभ्यासातही सहापेक्षा अठरा महिने सरस ठरले. आणि मग कॅनडातल्या क्यूबेकचा अभ्यास, अब्देनूर नबीद यांचा, २०१८ मध्ये छापलेला. ६३० पुरुष, सगळे यांच्यासारखे मोठ्या जोखमीचे. अर्ध्यांना छत्तीस महिने, अर्ध्यांना अठरा. दहा वर्षांनी जिवंत असलेले दोन्हीकडे १०० पैकी ६२. मधली जगण्याची प्रत, घाम, थकवा, इच्छा या बाबतीत अठरा महिनेवाले बरे.

मी ते पान पुनःपुन्हा वाचलं. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, फरक सापडला नाही म्हणजे फरक नाहीच असं होत नाही. तो अभ्यास छत्तीस महिने सरस आहेत का हे बघायला आखलेला होता, दोन्ही सारखेच आहेत हे सिद्ध करायला नव्हे. डॉक्टरांनी हे आवर्जून सांगितलं, आणि त्यांच्याबद्दलचा माझा आदर तिथे वाढला. दुसरी गोष्ट मला जास्त भिडली. छत्तीस महिन्यांच्या गटातल्या जवळपास निम्म्या पुरुषांनी ते पूर्ण केलेच नव्हते. आणि दहा वर्षांत १०० मागे जे ३८ गेले, त्यातले बहुतेक या कॅन्सरने गेले नाहीत. म्हातारपणाचे बाकीचे आजार त्यांना घेऊन गेले. मी यांच्या रिपोर्टांची फाइल समोर ठेवली. नव्याने निघालेली साखर, उतरलेलं हिमोग्लोबिन, कमरेचं हाड. पीएसएचा कागद सोडला तर बाकीचे सगळे कागद एकाच दिशेला चालले होते.

परळच्या टाटा मेमोरियलनेही जोखमीच्या आजारावर एक मोठा अभ्यास केला आहे, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला, २२४ पुरुषांचा. त्याचा विषय वेगळा होता, रेडिएशन ओटीपोटातल्या ग्रंथींनाही द्यायचं की नाही; पण त्यात हार्मोन किमान दोन वर्षं दिलेलं होतं. आमच्या डॉक्टरांचं "दोन वर्षं" तिथल्या पठडीशी जुळणारं होतं. म्हणून मी त्यांना सरळ विचारलं, "मॅडम, तुमच्या वडलांना असतं तर?" त्या म्हणाल्या, "बरोबर सहन होत असतं तर मी दोन वर्षं पूर्ण करा म्हणाले असते. यांना सहन होत नाहीये. अठरावर थांबलात तर मी अडवणार नाही. पण मी ठरवणार नाही, तुम्ही दोघांनी ठरवा."

आपल्याकडे स्वतः ठरवायचं माणसाला ओझं वाटतं. "तुम्ही सांगाल तसं" हे वाक्य आपण डॉक्टरांना देऊन मोकळे होतो. हे पण तसंच म्हणाले, फक्त माझ्याकडे बघून.

घरी येताना उंब्रजच्या पुढे गाडीत मला एक जुनी गोष्ट आठवली. मी नोकरीला लागले तेव्हा टीबीचा कोर्स बारा ते अठरा महिन्यांचा असायचा. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं मी स्वतः दिली आहेत. पेशंटच्या कुल्ल्यावर जागा राहायची नाही. मग रिफॅम्पिसिन आलं आणि कोर्स सहा महिन्यांवर आला. तेव्हा आमचे जुने कंपाउंडर म्हणायचे, सहा महिन्यांत टीबी जातो होय? जात होता. कोणी तरी आफ्रिकेत, मद्रासमध्ये माणसं मोजून, वर्षानुवर्षं पाठपुरावा करून ते दाखवलं होतं. ज्या सहा महिन्यांसाठी मी लोकांच्या मागे धावले, ते सहा महिने अठरा महिन्यांवरून कमी करूनच आलेले होते. मी आयुष्यभर राखलं ते मुदतीचं कारण होतं. टीबीत कारण पक्कं आहे: जंतू उरतात, औषधाला निर्ढावतात, दुसऱ्याला लागतात. इथे तसं काही नाही. हा आजार कोणाला लागत नाही. इंजेक्शन आधी थांबवलं म्हणून पेशी त्याला निर्ढावत नाहीत. पुढे आजार परतलाच तर तेच इंजेक्शन पुन्हा सुरू करता येतं आणि बहुतेकांना पुन्हा लागू पडतं. इथली मुदत ही नफ्या-तोट्याची बाब आहे, आणि तोटा ज्याच्या अंगावर पडतो त्याला तो सगळ्यात नीट दिसतो.

आणखी एक माणूस आठवला. पाटण भागातला, शेतमजूर, आजार हाडांत गेलेला. त्याच्या मुलांनी खर्चाचा विचार करून ऑपरेशन करून घेतलं. एकदाच व्हायचं, स्वस्त, दर तीन महिन्यांनी तालुक्याला खेटे नकोत. त्याच्या आजारात तो चांगला निर्णय होता, त्याची पाठदुखी खरोखर थांबली. मी ड्रेसिंग करायला जायची तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्याला परतीची वाट नव्हती आणि ते त्याला माहीत होतं. आम्ही इंजेक्शन घेतलं ते ती वाट राहावी म्हणून. मग वाट असताना तिच्यावर पाऊल ठेवायला एवढी भीती का, असं मी स्वतःला विचारलं.

भीती मला होती. पीएसएचा शून्य बघायची मला सवय झाली होती, आणि तो शून्य सुईने धरून ठेवला आहे असं वाटायचं. अजून दोन इंजेक्शनांत ते सहा महिने भरले असते आणि मी शांत झोपले असते. झोप माझी, आणि सुई त्यांच्या पोटात. हे ज्या दिवशी मला उघड दिसलं त्या दिवशी मी यांना म्हटलं, "तुम्ही सांगा. मला काय वाटतं ते बाजूला ठेवा, पोराला काय वाटतं तेही. तुम्हाला काय पाहिजे?"

ते लगेच बोलले नाहीत. अंगणातल्या खुर्चीत बसून पायाला तेल लावत होते. मग म्हणाले, "मला गडावर जायचंय. मरायला नाही, चढायला. हे घेत राहिलो तर त्या पायऱ्या मला आता जमायच्या नाहीत. आजार आला परत तर बघू, तेव्हा घेईन सुई, नाही म्हणणार नाही. पण आता नको." आजारपणात यांचं इतकं लांब आणि इतकं सरळ बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. मुलाला त्यांनीच फोन केला. मी आत चहा टाकला आणि मुद्दाम बाहेर आले नाही.

हे वाचून कोणी आपलं इंजेक्शन चुकवू नये. हाडांत पसरलेल्या आजारात हिशोब पार वेगळा असतो, तिथे हे औषधच माणसाला उभं ठेवतं. ग्लीसन ९ किंवा १० असेल तर डॉक्टर जास्त मुदतीचा आग्रह धरतात आणि त्याला कारण असतं. औषध नीट सोसत असेल, साखर-हाडं-हृदय ठीक असेल, तर दोन वर्षं पूर्ण करण्यात काहीच वावगं नाही. मी नर्स आहे, डॉक्टर नाही. आमचा निर्णय ७१ वर्षांच्या एका माणसाचा, त्याच्या अंगावर त्या अठरा महिन्यांत जे झालं ते बघून घेतलेला. त्याच कागदांवर दुसरं घर वेगळा निर्णय घेईल आणि तोही बरोबर असेल. एवढंच मागणं आहे की मुदतीचा आकडा कुठून आला ते विचारावं, आणि ज्याचं शरीर आहे त्याला विचारावं. दुसरं काम जास्त अवघड आहे. बायका फाइल सांभाळतात, मुलं नेटवर वाचतात, आणि मधे तो माणूस पंख्याखाली बसलेला असतो.

थांबवलं म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळं परत येतं असं नाही. शेवटची कांडी तिचे तीन महिने घेतेच. त्यानंतर टेस्टोस्टेरॉन हळूहळू चढतं. वय जास्त आणि औषध लांबलेलं असेल तर वर्ष लागतं, काहींचं पुरतं कधी येतच नाही. यांचं पहिल्या तपासणीत अजून तळालाच होतं. घाम बरेच महिने तसाच राहिला, मग रात्री एखाद-दुसरा झाला. साखरेची गोळी चालू आहे. हिमोग्लोबिन बाराच्या पुढे गेलं. फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायाम, भिंतीला पाठ लावून खाली बसायचं आणि उठायचं, तो रोज करतात, आणि मी बरोबरीने करते, माझ्याही गुडघ्यांना तो हवाच होता. सदाशिवगडाच्या पायऱ्या अर्ध्यापर्यंत झाल्या. अर्ध्यावरून खाली बघून ते पुतण्याच्या रानाचा बांध दाखवतात आणि कुठला ऊस कुठे ते सांगतात.

टेस्टोस्टेरॉन वर आलं की पीएसएही थोडा हलतो, कारण रेडिएशननंतरही आत थोडी निरोगी ग्रंथी उरलेली असते. हे आधी माहीत नसलं तर माणूस पॉइंट शून्य दोनाचा पॉइंट शून्य सात झाला की कोसळतो. सगळ्यात खालच्या आकड्यापेक्षा पूर्ण २ ने वर गेला तरच आजार परतला असं धरायचं, असा सर्वमान्य नियम आहे. तो मी मुलाला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवला आणि वर म्हटलं, हे पिन करून ठेव. तरी रिपोर्टच्या दिवशी त्याचा सकाळपासून तीनदा फोन येतो. येऊ दे. त्याच्या भीतीलाही वेळ लागणार.

रक्त द्यायला आम्ही कराडातच जातो. लॅबवाला रिपोर्ट मोबाइलवर पाठवतो, आणि सुरुवातीपासून तिथे माझा नंबर दिलेला होता. मी आधी बघायची, मग मुलाला सांगायची, आणि मग चेहरा ठीक करून यांना. मागच्या वेळी काउंटरवरच्या पोरीने सवयीने माझा नंबर वाचून दाखवला, तर हे म्हणाले, "तो काढ. माझा घे." आणि खिशातून चिठ्ठी न काढता, दहाही आकडे पाठ म्हणून दाखवले. संध्याकाळी रिपोर्ट आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. त्यांनी चष्मा लावून दोन्ही आकडे वाचले, मुलाला फोन लावला, आणि पीएसए किती, टेस्टोस्टेरॉन किती, ते त्यालाच आधी सांगितलं.